माळ्यावरची मालकीण

समता चाळीच्या तिसऱ्या गल्लीत कुणी नवा माणूस आला आणि घरमालकीण कुठे राहते असं त्याने विचारलं, की पोरंसोरं आभाळाकडे बोट दाखवायची. आभाळाकडे म्हणजे लोखंडी शिडीकडे. चौदा पायऱ्यांची ती उभी शिडी चढून गेलं की पत्र्याखाली मान वाकवून उभं राहावं लागे असा माळा होता, आणि त्या माळ्यावर अडुसष्ट वर्षांच्या द्रौपदीबाई इंगळे राहत. खाली त्यांची खरी खोली. दहा बाय पंधराची, शहाबादी फरशीची, आत नळ आणि मोरी असलेली. तिच्यात भाडेकरू. मालकिणीने पत्र्याखाली तापायचं आणि भाडेकरूने पंख्याखाली बसायचं, हा न्याय घाटकोपरच्या त्या डोंगरावर कुणाला नवा नव्हता. माळ्याला भाडं कोण देणार? भाडं मिळतं ते नळाला आणि मोरीला. नवरा गेल्यावर द्रौपदीबाईंनी एका दुपारी हे सगळं नीट समजून घेतलं, ट्रंक वर चढवली, आणि खालच्या खोलीवर पोट चालवायला लागल्या.

घरमालक म्हटलं की लोकांना गळ्यातली चेन आणि सुटलेलं पोट दिसतं. द्रौपदीबाईंच्या वाट्याला आलेली मालकी निराळी होती. पहिला भाडेकरू जाताना पंखा घेऊन गेला आणि छताला हूक तेवढा ठेवून गेला. दुसरा मासे विकायचा. त्याने मोरीत खवले सोडून अख्ख्या गल्लीचं गटार तुंबवलं आणि शिव्या खाल्ल्या मालकिणीने. तिसऱ्याने लग्न झालंय म्हणून सांगितलं होतं, ते झालेलं नव्हतं. मुलीचा बाप पोलीस घेऊन आला तेव्हा जबाब द्यायला द्रौपदीबाईच शिडी उतरल्या. पत्रा गळला तर मालकीण, फ्यूज उडाला तर मालकीण, नळाला पाणी आलं नाही तरी मालकीण; जसं काही ती वर बसून पाणी अडवत होती. दर नव्या भाडेकरूचा फोटो आणि आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसताना त्यांच्या मनात यायचं, पोरीच्या लग्नाच्या वेळीसुद्धा जावयाची आपण एवढी चौकशी केली नव्हती.

वस्तीत एक रीत होती. अकरा महिने झाले की भाडेकरूला उठवायचं. महिनाभर कुठेही जा, मग हवं तर परत या, पण सलग मुरू द्यायचं नाही. मुरलं की माणूस हक्क सांगतो, असं जुनी माणसं सांगत. द्रौपदीबाईंनी ही रीत आधीच्या सगळ्यांना लावली आणि राऊळांच्या बाबतीत मोडली.

सुबोध राऊळ कणकवलीकडचा. साकीनाक्याला एका मोठ्या इमारतीत लिफ्टची देखभाल करायचा. बायको प्रांजल साडीच्या दुकानात. सुबोधची आई शेवंती, तिचा नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर गावी गेला आणि तिकडेच संपला. ही तीन माणसं पाच वर्षांपूर्वी खालच्या खोलीत आली. पहिल्याच संकष्टीला प्रांजलने मोदकांची ताटली वर पाठवली, आणि द्रौपदीबाईंनी ती हात न लावता परत केली. भांडण नाही, तोंड वाकडं नाही, फक्त परत केली. पोरगी हुशार. पुढच्या वेळी ताटली पुन्हा आली तेव्हा तिने शिडीच्या तळाशी उभं राहून सांगितलं, "मावशी, हे नैवेद्याचं नाही हं. देवाला दाखवायच्या आधी काढलंय." तेव्हापासून त्या घरात जे काही गोडधोड होई, त्यातून मावशींचा वाटा आधी निघे आणि मग देवाचा. सांगितल्याशिवाय समजून घेणारा भाडेकरू मिळाला तर अकरा महिने मोजत कोण बसेल?

द्रौपदीबाई प्रसाद का खात नाहीत, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा भाऊराव गवंडी होता. मुलुंडला, बोरिवलीला लोकांचे मजल्यावर मजले चढवले आणि उरल्यासुरल्या विटांतून ही खोली बांधली. माणूस शांत, पण एका बाबतीत लोखंड. द्रौपदीबाईंच्या माहेरी, मेहकरकडे, कोनाड्यात खंडोबाचा टाक होता. लग्न ठरलं तेव्हा भाऊरावने सासऱ्याला सांगितलं, की हुंडा नको, मानपान नको, पण पोरगी बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा म्हणून माझ्या घरात येईल. अठरा वर्षांच्या द्रौपदीने मांडवात त्या एकेक करून म्हटल्या. गौरी-गणपतीला देव मानणार नाही, हीसुद्धा म्हटली. शब्द दिला तो दिला. पुढे मंडळाची पोरं वर्गणीला आली की त्या पैसे देत आणि बजावत, "लायटिंगला घ्या रे, आरतीला नाही." पोरं हसत, पण पावतीवर तसं लिहूनही देत.

मग या वर्षी श्रावणात एका संध्याकाळी शेवंती शिडीखाली येऊन उभी राहिली. तिला शिडी चढवत नसे, आणि द्रौपदीबाईंना उतरायचा कंटाळा, म्हणून दोघी म्हाताऱ्या नेहमी अशाच बोलत, एक मान वर करून आणि एक खाली वाकून.

"बाय, एक विचारूचा आसा," शेवंती म्हणाली. "गावचो गणपती थोरल्यान आपल्याकडेच ठेवलो. माका म्हणता, धाकट्याक सांग, तुझो येगळो बसव. आता इतक्या वर्सान आमी गणपतीशिवाय रवाचा काय?"

"म्हणजे इथे बसवणार?"

"सात दिवस. तू नको म्हणशीत तर नको."

आता कोकणात वेगळा गणपती बसवणं म्हणजे काय, हे द्रौपदीबाईंना कुठून कळणार? वेगळा गणपती म्हणजे वेगळं घर. ज्या जागी तो बसला ती जागा त्या माणसाची झाली, मग ती भाड्याची का असेना. शेवंतीला हे ठाऊक होतं, म्हणून ती बोलता बोलता पदराने डोळे पुसत होती. द्रौपदीबाईंना वाटलं, गावची आठवण येत असेल. त्यांनी मनाशी म्हटलं, आपण मानायचं नाही एवढंच ठरलंय. दुसऱ्याला मानू द्यायचं नाही असं कुठे ठरलंय? आणि मालकीण म्हणून अट घातली, "नवे खिळे ठोकायचे नाहीत. आणि स्पीकर नको."

गणपती आला. दीड फुटाचा, शाडूचा, जुन्या पैठणीच्या पडद्यापुढे बसला. आणि दुसऱ्याच दिवशी चाळीच्या नळावर नोटीस लागली. वस्तीचं पुनर्वसन होणार, घरोघरचा सर्व्हे होणार, तिसऱ्या गल्लीचा नंबर गणपतीच्या पाचव्या दिवशी.

सर्व्हेची आवई दहा वर्षं उठत होती, आणि दहा वर्षं लोक तिला हसत होते. या वेळी मात्र दारांवर रंगाने आकडे पडले. द्रौपदीबाईंच्या दारावर एकशे सतरा पडला. चाळ कमिटीचा सेक्रेटरी राजेश तो आकडा बघायला आला आणि तिथेच उभा राहून त्याने शिडीकडे पाहिलं.

"मावशी, तुमची वाट लागली," तो म्हणाला.

"का रे? कागद आहेत माझे. खोलीचा सरकारी फोटोपास आहे, लाइट बिल आहे, सगळं भाऊरावच्या नावाचं."

"कागद तर पाहिजेतच. पण माणूसही खाली पाहिजे ना. सर्व्हेवाले माळा धरत नाहीत. खाली ज्याचा संसार दिसेल त्याचा अंगठा घेणार, दारात फोटो काढणार. कागद तुमचे आणि संसार राऊळचा दिसला, की फाइल गेली चौकशीत. मागच्या गल्लीतल्या कदमांची गेलीय. दोन वर्षं झाली, अजून परत आली नाही."

"मग?"

"मग काय, त्या दिवशी तुम्ही खाली, ते वर. एका दिवसाचा प्रश्न आहे. पण राऊळ ऐकेल का ते बघा. त्यालाही घर पाहिजेच आहे यार."

तो गेला. द्रौपदीबाई शिडीच्या तिसऱ्या पायरीवरच बसल्या. पाडकाम झालं की खोली जाणार आणि माळाही जाणार. तिथे उंच इमारत उभी राहील, तिच्यात ज्याचं नाव त्याला घर. नाव नसलं तर? लेक संघमित्रा चेंबूरला, सासू-सासऱ्यांसकट एका खोलीत पाच माणसं. तिकडे ट्रंक ठेवायलासुद्धा जागा नव्हती. मेहकरची जमीन कधीच दिरांची झाली होती. म्हणजे रस्ता. याच्यापलीकडे त्यांना काही दिसेना.

संघमित्राला फोन लावला तर ती तडकली. "आई, आजच्या आज खोली खाली करायला सांग. पाच वर्षं राहू दिलंस. तेव्हाच म्हटलं होतं मी. उद्या तो म्हणेल, मीच मालक."

"आता कसं उठवू? गणपती बसलाय त्यांचा."

संघमित्राचा चढलेला आवाज एकदम खाली आला. मग लेक म्हणाली, "पप्पांच्या खोलीत?"

द्रौपदीबाईंनी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी माळ्याच्या खिडकीतून त्यांनी पाहिलं, टपरीवर राजेश आणि सुबोध चहा पीत होते. राजेश बोलत होता, सुबोध मान हलवत होता. पाच वर्षांची माया त्या एका चहाने पुसून टाकली. लबाड, त्या म्हणाल्या. मोदक आधी काढून ठेवणारे लबाड. येगळो बसव म्हणे. बसवलाच की माझ्या खोलीत. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी सुबोध परत आला तशा शिडी उतरल्या, गुडघ्याला हात लावत, एकेका पायरीवर थांबत, आणि दारातच उभ्या राहून त्यांनी विचारलं, "काय ठरलं तुझं आणि राजेशचं?"

सुबोधने हातातली पिशवी खाली ठेवली. "त्याने विचारलं मला, मावशी. म्हणाला, सर्व्हेच्या दिवशी काही बोलू नकोस, नुसता दारात उभा राहा. बाकीचं मी बघतो."

"आणि तू?"

"मी म्हटलं, खोली मावशींची आहे." त्याने मान खाली घातली. "खोटं कशाला सांगू, एक मिनिट विचार आला मनात. पण नाही. आम्ही सगळं वर चढवतो. तुम्ही खाली या. फक्त..."

सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. गणपतीसमोर समई लावलेली होती.

"त्याका हलवूचो नाय," शेवंती ठामपणे म्हणाली. "एकदा बसवलेलो गणपती इसर्जनाशिवाय जाग्यावरसून उठणा नाय."

सुबोधने चादर टाकून झाकू या म्हटलं, तर शेवंतीने असा चेहरा केला की तो पुढे बोललाच नाही. चादर घालायला तो काय मेलेला माणूस होता? मग प्रांजलने तोडगा काढला. "मावशी, त्यात काय एवढं? विचारलं तर म्हणायचं, आमचाच आहे. घर तुमचं, गणपतीपण तुमचा. त्यांना काय कळतंय?"

सुबोध म्हणाला, झकास. शेवंती समईची वात सारखी करत राहिली. द्रौपदीबाई मात्र दारातच उभ्या राहिल्या. सोप्यातली सोपी गोष्ट होती, दोन शब्दांची. आपल्याला ती का जमणार नाही, हे या पोरांना कसं समजवायचं, हेच त्यांना सुचेना. शेवटी त्या इतकंच म्हणाल्या, "बघू. विचारलं तर."

पाचव्या दिवशी सकाळी अदलाबदल झाली. राऊळांचा टीव्ही, कुकर, गाद्या, शिलाई मशीन शिडीवरून वर गेलं, आणि द्रौपदीबाईंची खाट, ट्रंक, स्टोव्ह खाली आला. शेवंतीला चढवायला अर्धा तास लागला. सुबोध खालून ढकलत होता, प्रांजल वरून ओढत होती, आणि म्हातारी प्रत्येक पायरीवर देवाचं नाव घेत होती. वर पोचल्यावर ती म्हणाली, "गे बाय, तू ह्या भट्टीत रवतंस?" खाली द्रौपदीबाई भिंतीवरचे खिळे चाचपत होत्या. त्यांच्या हातात दोन तसबिरी होत्या. बाबासाहेबांची एक आणि हार घातलेल्या भाऊरावची एक. पूर्वी दोन्ही ज्या खिळ्यांवर असत, ते खिळे तिथेच होते. फक्त आता समोरच्या भिंतीला गणपती होता. तसबिरी लावून त्या मागे सरकल्या, आणि भाऊराव थेट गणपतीकडे बघतोय असं त्यांना दिसलं. तसबीर दुसरीकडे लावायला खिळा नव्हता. नवे खिळे ठोकायचे नाहीत, हा त्यांचाच कायदा.

सर्व्हेवाला साडेअकराला आला. पंचविशीचा मुलगा, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि अंगठ्याचं छोटं यंत्र. ओळखपत्रावर नाव होतं प्रबुद्ध. राजेश आणि गल्लीतले सात-आठ लोक त्याच्या मागून दारापर्यंत आले. आत पाऊल टाकताच त्याची नजर भिंतीवर गेली आणि चेहरा सैल झाला.

"जय भीम, आजी."

"जय भीम, बाळा," द्रौपदीबाई म्हणाल्या, आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्यांना श्वास पुरा घेता आला. आपला माणूस आला. आता काय भ्यायचं?

कागद त्याने एकेक करून पाहिले. फोटोपास चांगला, लाइट बिल चांगलं, मतदार यादीत नाव. कोण कोण राहतं, त्याने विचारलं. एकटीच, त्या म्हणाल्या, वर भाडेकरू आहेत. त्याने ते लिहिलं. घसा कोरडा पडला होता म्हणून त्याने पाणी मागितलं, आणि द्रौपदीबाई मोरीशेजारच्या फळीकडे गेल्या. ग्लास तिथे नव्हते. त्यांनी दुसरं फडताळ उघडलं, तिथे साबणाच्या वड्या होत्या. पाच वर्षांत प्रांजलने सगळं हलवलं होतं, नाही, त्याआधीच्या कुणीतरी हलवलं होतं. स्वतःच्या घरात त्यांना पाण्याचा ग्लास मिळेना. शेवटी स्टोव्हपाशी आणलेला आपला तांब्या त्यांनी पुढे केला. प्रबुद्ध तो वर धरून पाणी प्यायला.

मग अंगठा. यंत्र अंगठा घेईना. पंचेचाळीस वर्षं भांडी घासून, सिमेंटची घमेली उचलून त्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. त्याने तो पुसायला सांगितला, मग ओला करायला, मग दुसऱ्या हाताचा मागितला. पाचव्या वेळी यंत्राने हिरवा दिवा दाखवला. दारातल्या माणसांनी हुश्श केलं. राजेशनेसुद्धा मान डोलावली. आता दारात फोटो काढला की संपलं.

प्रबुद्ध टॅब बंद करत होता. उठता उठता त्याचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं, तिथून ते भिंतीवरच्या तसबिरींवर गेलं, आणि परत कोपऱ्याकडे आलं. तो थोडा हसला.

"आजी, गणपती तुमचा?"

द्रौपदीबाईंच्या समोर तसबिरीतला भाऊराव होता. मांडवात अठरा वर्षांची पोरगी उभी होती आणि एकेक शब्द तोंडातून काढत होती. डोक्यावर, पत्र्याखालच्या फळ्यांवर तीन माणसं श्वास धरून बसली होती. दारात गल्ली उभी होती. रस्त्यावर ट्रंक घेऊन बसलेली एक म्हातारीही त्यांना दिसली, तिचं तोंड त्यांच्यासारखंच होतं. आणि त्या म्हणाल्या, अगदी स्पष्ट म्हणाल्या, "हो. माझाच आहे."

प्रबुद्धचं हसू विरलं. त्याने बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहिलं नाही, पण ती टाळली हे द्रौपदीबाईंना कळलं. "बरं," तो म्हणाला. "चला, दारात फोटो घेऊ."

तेवढ्यात शिडी वाजली. एकेक पायरी, सावकाश. जी बाई सकाळी दोघांनी मिळून चढवली होती, ती एकटी उतरत होती. एका हातात शिडी, दुसऱ्या हातात केळीच्या पानाने झाकलेलं ताट. वरून प्रांजलचा दबलेला आवाज येत होता, "आई, थांबा ना, आई." शेवंती थांबली नाही. दारातल्या माणसांतून वाट काढत ती आत आली.

"बारा वाजले," ती कुणाकडे न बघता म्हणाली. "निवेद दाखवूचो आसा."

"या कोण?" प्रबुद्धने विचारलं.

"माळ्यावरची भाडेकरू," द्रौपदीबाई घाईने म्हणाल्या. "देवभोळी आहे. माझ्या गणपतीला रोज..."

शेवंतीने ताट खाली ठेवलं. गावचा गणपती एका लेकाने काढून घेतला होता. हा एक उरला होता, आणि तोही आत्ता तिच्या कानांनी, तिच्या पायाखालच्या फळीतून, दुसऱ्याचा झालेला तिने ऐकला होता.

"गणपती आमचो आसा," ती म्हणाली. "आमी बसवलो. माझ्या झिलान, सुबोधान, पाटावरसून आणलो."

"अगं, शेवंती," द्रौपदीबाई म्हणाल्या.

"आमचो आसा," शेवंती पुन्हा म्हणाली, आणि रडायला लागली.

गल्ली ऐकत होती. राजेशने डोळे मिटून घेतले. वरून सुबोध धावत उतरला, "साहेब, आईला काही समजत नाही, खोली मावशींचीच आहे," वगैरे बोलायला लागला, आणि जितकं बोलला तितकं ते उलगडत गेलं. प्रबुद्धने टॅब पुन्हा उघडला. फडताळातल्या साबणाच्या वड्या, न सापडलेला ग्लास, खिळ्यांभोवतीची धूळ, सगळं त्याला आता एकदम दिसत असावं. तो बराच वेळ काही लिहीत होता.

"आजी, मला फेरतपासणी टाकावी लागेल," तो हळू म्हणाला. "प्रत्यक्ष कोण राहतं, याबद्दल शंका. एवढ्या लोकांनी ऐकलंय. मी नाही लिहिलं तर उद्या कुणीतरी तक्रार करेल."

"कधी येणार परत?"

"मी नाही येणार. वरून कुणीतरी येतं. कधी, ते मला नाही सांगता येत."

"बाळा, मी खोटं बोलले ते त्या गणपतीपुरतं. खोली माझीच आहे. ही फरशी माझ्या मालकाने बसवलीय, एकेक."

"माहितीय आजी." त्याने टॅब छातीशी धरला. "गणपतीचं फॉर्ममध्ये काही नसतं. मी सहज विचारलं होतं. भिंतीवर बाबासाहेब दिसले म्हणून. शेजाऱ्यांचा आहे, त्यांच्याकडे जागा नाही, एवढं तुम्ही म्हणाला असतात तरी चाललं असतं."

तो दाराशी गेला, वळला, जय भीम म्हणाला. द्रौपदीबाईंचा हात वर गेला, पण तोंडातून तो शब्द निघाला नाही. आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं. माणसं त्याच्या मागून एकशे अठरा नंबरकडे सरकली.

खोलीत दोन घरांचं सामान अर्धंअर्धं पडून होतं. शेवंतीने डोळे पुसले, ताटाभोवती पाणी फिरवलं, घंटा वाजवली. तिला राग नव्हता, पश्चात्तापही धड नव्हता. आपण काय केलं ते तिला आता कुठे हळूहळू कळत होतं. मागे राहिलेल्या कमिटीतल्या दोन बायकांपैकी एक म्हणाली, आता फेरतपासणी होईपर्यंत मावशींनी खालीच राहायला पाहिजे. दुसरी म्हणाली, छे, राऊळ निघून गेले तर आणखी संशय. सुबोध नुसता भिंतीला टेकून उभा होता.

द्रौपदीबाई खाटेवर बसल्या होत्या. भाऊरावच्या तसबिरीकडे त्यांनी पाठ केली होती. खोली राखायला शब्द मोडला होता, आणि शब्द मोडूनही खोली राहिली नव्हती. दोन्हीपैकी एक तरी हाताशी असतं तर धरून बसता आलं असतं.

थोड्या वेळाने शेवंती त्यांच्यासमोर येऊन बसली. तिच्या हातात एक छोटी ताटली होती, त्यावर दोन मोदक.

"बाय," ती म्हणाली, "हे तुझे. निवेदाच्या आधी काढून ठेवलले. सकाळीच."

द्रौपदीबाईंनी ताटली हातात घेतली. मोदक अजून कोमट होते. मग त्यांनी ती शांतपणे खाटेच्या कडेवर ठेवली.

"आता कशाला गं वेगळं काढतेस?" त्या म्हणाल्या. "मी तर त्याला माझा म्हणून बसले."